राखून ठेवलेली उलटतपासणी

कल्याण, ५ फेब्रुवारी १९५६

गुरुदत्त,

आशीर्वाद वर लिहिले आहेत असे समज. मायना लिहायला बसलो की तुझ्या नावामागे काय लावावे यातच घोडे अडते. चिरंजीव म्हणावे तर तू आता मास्तर झालास, आणि श्रीयुत म्हणावे तर तुझी दुपटी मी वाळत घातली आहेत.

पत्र लिहितो आहे ते तुझ्या वहिनीच्या भुणभुणीमुळे. आज रविवार. तू ठाण्याहून येतोस, आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावरच्या शाळेत वकिलांना नवा कायदा शिकवतोस आणि उंबरठा न ओलांडता परत जातोस. सगुणा दर रविवारी वालाचे बिरडे करते आणि खिडकीशी जाऊन उभी राहते. संध्याकाळी ते बिरडे माझ्या पानात येते. मला वाल बाधतात हे तुला ठाऊक आहे. तेव्हा माझ्या पोटाचा तरी विचार कर.

डिसेंबरात बार रूममध्ये मी बोललो ते थट्टेत बोललो. तू उभा राहिलास आणि म्हणालास, 'एक जानेवारीपासून फौजदारी कामाची रीत बदलते आहे, आपण सगळे दर रविवारी एकत्र बसून वाचू या.' मी एवढेच म्हणालो, 'ज्याच्याकडून मी पाटीवर श्रीगणेशा गिरवून घेतला, तो आता मला श्रीगणेशा शिकवणार!' लोक हसले. लोक हसले हा काय माझा गुन्हा? बाबा गेल्यावर मीच तुला वाढवले, मीच वकील केले, माझ्याच ऑफिसात तू पहिला अर्ज खरडलास. थोरल्या भावाला थट्टेची एवढीही मुभा नसावी?

बरे, तुझा तो नवा कायदा कसा चालतो याचा एक मासला सांगतो. शीळफाट्याचा मारुती नावाचा एक गाडीवान माझ्याकडे आला आहे. पेंढा भरून बैलगाडी कल्याणला आणतो. मालधक्क्याजवळच्या एका वखारीतून तांब्याच्या तारेची भेंडोळी चोरीला गेली, आणि पहारेकरी म्हणतो की कंदिलाच्या उजेडात मारुतीलाच पळताना पाहिला. ओळखपरेडीत त्याने मारुतीवर बरोब्बर बोट ठेवले. ठेवणारच! त्याच्या आदल्या दिवशी मारुतीची बायको हौसाबाई चौकीवर भाकरी घेऊन गेली होती, तेव्हा जमादार त्या पहारेकऱ्याला चहा पाजून मारुतीकडे बोट दाखवत होता. हे तिने डोळ्यांनी पाहिले. पहारेकऱ्याला हा एकच प्रश्न टाकला की खटल्याचा भुसा होईल. मारुती सुटल्यातच जमा आहे.

आता मौज ऐक. आमच्या नव्या मॅजिस्ट्रेटाने एकही साक्षीदार न तपासता, नुसते पोलिसांचे कागद चाळून पहिल्याच तारखेला आरोप वाचून दाखवला. कणीक मळायच्या आधीच पोळी तव्यावर! आपली रीत मी तुला शिकवली आहे. आधी साक्षीदार येतात, बोलतात. आपण गप्प बसायचे आणि उलटतपासणी राखून ठेवायची. मग आरोप ठेवला जातो. मग तेच साक्षीदार परत बोलावून सोलून काढायचे, कारण तोवर त्यांची पाने उघडी आणि आपली झाकलेली. मॅजिस्ट्रेट चुकला, पण मी अवाक्षर काढले नाही. त्याची चूक अपिलात उपयोगी पडेल.

येणार असलास तर वाल नकोत असे वहिनीला परस्पर कळव.

दादा


कल्याण, २१ फेब्रुवारी १९५६

गुरुदत्त,

तुझे कार्ड मिळाले. कार्ड! पाकीट पाठवायला काय धाड भरली होती? पोस्टमनने ते कारकुनाच्या हातात दिले. विश्रामला वाचता येते याचा त्याला फार अभिमान. ऑफिसात चार पक्षकार बसलेले असताना तो खड्या आवाजात सुरू झाला, 'दादा, चूक मॅजिस्ट्रेटची नाही. कलम दोनशे एक्कावन्न...' मी ते त्याच्या हातून ओढून घेतले आणि फाडले. पक्षकार पायांच्या अंगठ्यांकडे पाहू लागले. तुला मला काही सांगायचेच होते तर गुपचूप सांगायचे होतेस. की वर्ग आता टपालातूनही चालवतोस?

काल पहारेकऱ्याची साक्ष झाली. गढवालकडचा माणूस आहे, पोपटासारखा बोलला. सरकारपक्षाचे विचारून झाल्यावर मॅजिस्ट्रेट माझ्याकडे पाहून म्हणाले, 'टिपणीससाहेब, उलटतपासणी?'

मी म्हणालो, 'राखून ठेवतो.'

त्यांनी लेखणी खाली ठेवली. 'आता विचारायचं असेल ते विचारून घ्या. नक्की राखून ठेवायची?'

'नक्की,' मी म्हणालो. पोरगेलासा माणूस. दुपारच्या गाडीची घाई असेल, असे मनात आले. पोलीस प्रॉसिक्युटरने मान खाली घातली, ती कशाने ते कळले नाही.

खरे सांगायचे तर विचारावे असे एकदा जिभेवर आले होते. प्रश्न तयारच होता. पण मागच्या बाकावर तुझ्या वर्गाला जाणारे दोघेतिघे बसले होते. तुझे कार्ड आले आणि म्हाताऱ्याने मुकाट्याने रीत बदलली, हे त्यांना दिसले असते. म्हणजे त्यांना कार्डाचे ठाऊक होते असे नाही. पण विश्रामचे तोंड तुला माहीत आहे.

बाहेर आल्यावर हौसाबाईने मला गाठले. म्हणाली, 'साहेब, तुमी त्याला कायच नाय इचारला. आमी तुमच्या तोंडाकं बगत बसलू.' मी तिला म्हणालो, 'बाई, मांजर उंदराला लगेच खात नाही.' ती हसली नाही. मारुती मात्र हसला, मला बरे वाटावे म्हणून असेल.

तुझ्या कार्डावर पुढे काय होते? सहज विचारतो. तुकडे सगुणाने बंबात घातले.

दादा


कल्याण, २८ मार्च १९५६

गुरुदत्त,

मारुतीला नऊ महिन्यांची सक्तमजुरी झाली.

हे वाक्य आधी लिहून टाकले. मायना, थट्टा, वालाचे बिरडे असे करत बसलो असतो तर ते शेवटपर्यंत आलेच नसते.

तू माझ्या प्रश्नाला उत्तर पाठवले नाहीस. ते बरोबरच केलेस. फाडलेल्या कार्डाची दुसरी प्रत कोण कशाला पाठवील? कार्डावर काय होते ते मला भर कोर्टात कळले. पहारेकऱ्याला परत बोलवावे म्हणून मी अर्ज दिला. मॅजिस्ट्रेटने विचारले, 'कुठल्या कलमाखाली?' मी मोठ्या रुबाबात सांगितले, दोनशे छप्पन्न. ते अगदी हळू आवाजात म्हणाले, 'टिपणीससाहेब, पोलिसांनी आणलेल्या खटल्यांना ते कलम आता लागू नाही.' आणि त्यांनी आपले पुस्तक शिरस्तेदाराच्या हातून माझ्याकडे दिले. दोनशे एक्कावन्न-अ. कागदपत्रे पाहून आधीच आरोप ठेवायचा, मग साक्षीदार एकदाच यायचा, तेव्हाच त्याची उलटतपासणी करायची. परत बोलावणे मॅजिस्ट्रेटच्या मर्जीवर; तो आपला हक्क राहिलेला नाही. मी उभ्याउभ्या वाचले. दुसऱ्यांदा वाचले. मागे वकील बसले होते. डिसेंबरात जे हसले होते तेच सगळे. या वेळी एकही हसला नाही. हसले असते तर फार उपकार झाले असते.

माणूस भला आहे. मर्जी दाखवून त्यांनी पहारेकऱ्याला समन्स काढले. पण तो नोकरी सोडून मुलखाला गेला होता, समन्स तसेच परत आले. मग मी हौसाबाईला साक्षीला उभी केली. तिने चौकीवर जे पाहिले ते जसेच्या तसे सांगितले. निकालात तिच्याबद्दल एकच ओळ आहे: ही गोष्ट खरी असती तर आरोपीच्या वकिलांनी ती पहारेकऱ्याला विचारली असती. मी विचारली नाही, म्हणून ती खोटी ठरली. म्हणजे त्या बाईला मी खोटारडी ठरवली.

शिक्षा ऐकवल्यावर मारुती माझ्यावर चिडेल असे वाटले होते. तो बायकोला म्हणाला, 'बैलांना वखताला पानी दाव.' मला हात जोडून गेला. मी काय केले हे त्याला कळलेलेच नाही. पक्षकार बाजू हरला की वकिलाला शिव्या घालतो, आणि आपल्याला ते सवयीचे असते. हे हात जोडणे मला सोसत नाही.

घरी आल्यावर सगुणाने विचारले, 'काय झालं हो त्या गाडीवानाचं?' मी म्हणालो, 'पुरावा भक्कम होता.' तिने वाटी पुढे सरकवली. तिच्याशी खोटे बोललो हे तुलाच लिहितो आहे.

अपील तू चालव. वकीलपत्रावर हौसाबाईचा अंगठा घेऊन विश्रामला पाठवतो. मला तिथे वकील म्हणून उभे राहता येणार नाही, कारण अपिलाचा मुद्दा मीच आहे.

त्र्यंबक


कल्याण, २२ एप्रिल १९५६

गुरुदत्त,

तू तयार केलेला माझ्या प्रतिज्ञापत्राचा मसुदा पोचला. या खेपेस पाकिटातून पाठवलास.

'साक्षीच्या दिवशी मी तापाने आजारी असल्यामुळे उलटतपासणी घेऊ शकलो नाही.' हे वाक्य वाचले आणि डोळ्यांना धार लागली. आरोपीच्या अपिलात तू थोरल्या भावाची अब्रू झाकायला गेलास. घटकाभर मला खरोखरच अंगात कणकण वाटली. माणूस किती लवकर आजारी पडतो पाहा!

पण ते मी खोडले. मोठेपणासाठी खोडले असे समजू नकोस. त्याच दिवशी, त्याच कोर्टात, मी दुसऱ्या दोन जामिनांवर बाहेरच्या टांगेवाल्यांनाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोललो आहे. रोजनाम्यात ते आहे. सरकारी वकिलाने एक दोरा ओढला की सगळे वस्त्र उसवेल आणि मारुती आतच राहील. जामीन मिळाला नाही, कोर्टाला मे महिन्याची सुट्टी लागेल, म्हणजे जूनपर्यंत तो ठाण्याच्या तुरुंगात. माझ्या अब्रूसाठी त्याला आणखी एक दिवस नको.

मग मी लिहिले, 'मला बदललेला कायदा ठाऊक नव्हता.' लिहून सही करायला टाक उचलला आणि वाटले, हेही खरे नाही. मला कोणी सांगितलेच नसते, तर ठाऊक नव्हता असे म्हणणे जमले असते. शेवटी जे लिहिले ते सोबत पाठवले आहे: साक्षीच्या आधी मला लेखी सूचना मिळाली होती आणि ती मी पुरती न वाचता फाडली. त्यात तुझे नाव घातलेले नाही. हवे तर घाल.

मी आज सकाळी शाळेच्या ओसरीपर्यंत आलो होतो. तुला दिसलो नसेन. तू फळ्यापाशी होतास. तू म्हणालास, 'समजा, जुन्या सवयीने मीच उलटतपासणी राखून ठेवली, तर माझ्या पक्षकाराचं काय होईल?' मीच, असे म्हणालास. समोर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते की तो 'मी' कोण. तरी सगळे वहीत लिहीत राहिले. मला आत येऊन एक बाक गाठायचा होता. जोडे काढले, परत घातले आणि घरी आलो. सगुणाला म्हणालो, भाजीला गेलो होतो. ती म्हणाली, 'मग भाजी कुठाय?'

तिला सगळे सांगितले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, 'भावजींना मी वाढवलं तेव्हा तुम्ही कोर्टात होतात. मीच वाढवला म्हणून जगाला सांगत फिरता ते जरा कमी करा.' तेव्हा पहिल्या पत्रातले ते वाक्यही खोड.

त्र्यंबक


कल्याण, ३० जून १९५६

गुरुदत्त,

काल तू कोर्टातच होतास, मग हे पत्र कशाला, असे तुला वाटेल. पण मी पिंजऱ्यात उभा असताना तू एकदाही वर पाहिले नाहीस, आणि नंतर कागद बांधत आतच राहिलास. त्यामुळे अर्धे तू पाहिले नाहीस आणि अर्धे ऐकले नाहीस.

जज्जसाहेब प्रतिज्ञापत्रावर मला तपासायला बोलावतील हे मला अपेक्षित होते. पण पिंजऱ्याचा कठडा इतका खाली असतो हे मला एवढ्या वर्षांत माहीत नव्हते. हात कुठे ठेवावेत ते कळत नाही. आजवर हात कुठेही ठेवणाऱ्या साक्षीदारांची मी किती चेष्टा केली असेल! हौसाबाई दाराशी खाली बसली होती. सरकारी वकील आपल्यातलेच, माझ्या बरोबरीचे. त्यांनी आवाज चढवला नाही.

'बदललेल्या कायद्याचा वर्ग कल्याणला चालतो, हे आपल्याला माहीत होतं?'

'होतं.'

'आपल्याला बोलावणं होतं?'

'सगळ्यांना होतं.'

'शाळा आपल्या घरापासून लांब आहे?'

'नाही. जवळ आहे.'

'मग गेला का नाहीत?'

जज्जसाहेब कनवाळूपणाने म्हणाले, 'प्रतिज्ञापत्रात पुरेसं आलं आहे. या प्रश्नाचं उत्तर द्यायलाच हवं असं नाही.' सुटलो, असे वाटले. खोकला, वय, कामाचा रगाडा, सगळी उत्तरे घरून घोटून आणली होती. त्यांचीही गरज उरली नव्हती. मी तुझ्याकडे पाहिले. तू कागदाच्या कोपऱ्याची गुंडाळी करत होतास. लहानपणी मार बसणार असला की तू सदऱ्याच्या टोकाची करायचास तशी. तेव्हा मी म्हणालो, 'तिथे माझा धाकटा भाऊ शिकवत होता. त्याच्यासमोर बाकावर बसायची मला लाज वाटली. सूचनाही त्याचीच होती. तीही त्याच कारणाने फाडली.'

मी मराठीत बोललो. इंग्रजीत बोलता आले नाही. तू उठून 'फेरतपासणी नाही' एवढेच म्हणालास.

पुढचे तुला माहीत आहे. शिक्षा रद्द झाली, पहारेकऱ्याला शोधून आणायचा, त्याची उलटतपासणी घ्यायची आणि खटला तिथून पुढे चालवायचा, आणि तोवर मारुती जामिनावर. तो पहारेकरी सापडेल तेव्हा त्याला प्रश्न तू विचार. मी विचारणार नाही, आणि कोणी मला विचारायला सांगणारही नाही.

आता तू ऐकले नाहीस ते. मी बाहेर आलो तेव्हा, तुझ्यापासून लपवत नाही, मला हलके वाटत होते. हलके काय, थोडी ऐटच आली होती. सनदेवर डाग आला तर आला, पण भर कोर्टात खरे बोललो, सोडून द्या म्हणत असतानाही बोललो. दोघा वकिलांनी माझा हात धरून दाबला. एकजण म्हणाला, 'त्र्यंबकराव, याला छाती लागते.' मला ते आवडले. पायऱ्यांवर हौसाबाई उभी होती. ती आता पाया पडेल, आणि मी 'असू दे, असू दे बाई' म्हणेन, इथवर माझ्या मनाने मजल मारली होती.

ती पाया पडली नाही. म्हणाली, 'साहेब, तुमी आत बोललाव ती मला समाजला. येक इचारू?'

'विचार.'

'तुमाला म्हायती व्हता, का त्याला तवाच इचारला पायजे?'

'मला सांगितलं होतं.'

'आनि भावासमोर बसाची लाज वाटली म्हून माजा मानूस तीन म्हयनं आत व्हता?'

ती ओरडली नाही. तिला खरेच समजून घ्यायचे होते. आजूबाजूला ते दोघे वकील उभे होते, माझा हात दाबणारे. त्यांनी दुसरीकडे पाहिले. मला तिला पुष्कळ सांगता आले असते. कायदा नवा होता, पहारेकरी पळाला, मी प्रतिज्ञापत्र दिले म्हणून तर आज जामीन झाला. यातले एकही खोटे नव्हते, आणि यातले एकही तिने विचारलेले नव्हते.

मी म्हणालो, 'हो, बाई.'

तिने मान हलवली, पदर कमरेला खोचला आणि तुरुंगाच्या रस्त्याला लागली. मारुती संध्याकाळपर्यंत सुटणार होता, त्याला न्यायला.

त्र्यंबक